तेरा नव्वदची जुनी हायब्रिड: वरचे तीन लाख पेट्रोलमधून निघतात का?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. २०२२ च्या अखेरची मारुतीची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड त्यांना यवतमाळला मिळते आहे. गाडी एकाच मालकाची, ४२ हजार किलोमीटर चाललेली, मागणी १३ लाख ९० हजार. त्याच वर्षाची माईल्ड हायब्रिड मॅन्युअल १० लाख ९० हजारांत मिळते. शाळेत जाऊन-येऊन ५६ किलोमीटर होतात. वावर, बाजार, सोयरे-धायरे धरून वर्षाचं रनिंग १८ हजार. गाडी पाच वर्षं ठेवायची आहे. वरचे तीन लाख पेट्रोलमधून वसूल होतील का?

सर, या भावात आणि या रनिंगला, मॅन्युअल गाडीशी तुलना केली तर होत नाहीत. पण एवढ्यावर सौदा मोडू नका. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे आणि तिच्यामुळे हिशेब पार फिरतो. तिच्याकडे येतोच.

मी अमरावतीत वर्कशॉप चालवतो. जुनी गाडी घेण्याआधी तपासून द्या म्हणून अख्ख्या वऱ्हाडातून लोक येतात. हायब्रिडच्या बाबतीत बहुतेकांचा घोळ पहिल्याच पायरीवर होतो, कारण विकणारा प्रत्येक गाडीला नुसतं ‘हायब्रिड’ म्हणतो. मारुतीने २०१५ पासून सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्यांवर ‘एसएचव्हीएस’ची पट्टी लावली, पुढे पेट्रोल गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलं. त्या सगळ्या माईल्ड हायब्रिड. त्यांत बेल्टवर चालणारा एक स्टार्टर-जनरेटर असतो. तो सिग्नलला बंद पडलेलं इंजिन चटकन चालू करतो, उचलताना थोडा हात देतो. नुसत्या बॅटरीवर ती गाडी एक फूटही सरकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळी मोटर असते, मोठ्या व्होल्टेजची बॅटरी असते आणि गाडी इंजिन बंद ठेवून खरोखर चालते. ओळखायचं कसं? डॅशबोर्डवर ‘रेडी’ असा हिरवा दिवा लागतो, आरपीएमच्या काट्याऐवजी पॉवर आणि चार्ज दाखवणारा मीटर असतो, बॉनेटखाली जाड नारिंगी वायरी दिसतात. आरसीवर ‘पेट्रोल/हायब्रिड’ छापलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका, माईल्ड गाडीच्या आरसीवरही तसं असू शकतं. तुम्ही बघितलेल्या दोन्ही गाड्या कागदावर हायब्रिडच आहेत, पण पेट्रोलचा खरा फरक पाडणारी एकच.

आता ही बचत येते कुठून, हे आपल्या रस्त्यांवर लावून बघू. या गाडीची बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची. म्हणजे घरच्या वीजबिलात जे एक युनिट येतं, तेवढीही वीज तिच्यात मावत नाही. तेव्हा ‘पेट्रोलशिवाय चालते’ हा समज सोडून द्या. एका दमात फार तर किलोमीटर-दोन किलोमीटर, तेही हलक्या पायाने. तिचं खरं काम घेण्या-देण्याचं आहे. ब्रेक मारताना जी ताकद उष्णता होऊन वाया जायची ती बॅटरीत घ्यायची आणि पुढच्या उचलीला परत द्यायची. सोबत इंजिनही कमी पेट्रोलमध्ये काम काढणाऱ्या पद्धतीचं आहे, आणि त्या पद्धतीत खालच्या आरपीएमला जो जोर कमी पडतो तो मोटर भरून काढते.

म्हणून हायब्रिडला आवडतो तो ताशी ४० ते ७० चा, मध्ये मध्ये थांबायला लावणारा रस्ता. आपल्या तालुक्याचे रस्ते नेमके असेच आहेत. दर गावाला गतिरोधक, बैलबंड्या, फाट्यावरची ऑटोंची गर्दी, आठवडी बाजाराच्या दिवशी तर पायी चालणाराच पुढे जातो. मात्र ब्रेक लांबूनच, हळूहळू दाबायची सवय हवी. गतिरोधक नाकासमोर आल्यावर कचकन दाबला, तर ती ताकद बॅटरीत न जाता ब्रेकच्या पॅडमध्येच जळते. एकाच मॉडेलच्या गाड्या दोन माणसांच्या हातात लिटरमागे तीन-तीन किलोमीटरचा फरक दाखवतात, तो या सवयीमुळे.

उलट समृद्धी महामार्गावर ताशी ११०-१२० ने नागपूर-संभाजीनगर करणाऱ्याला हायब्रिड फारसं काही देत नाही. तिथे इंजिन सतत चालूच राहतं, ब्रेक लागत नाही आणि सगळी ताकद वारा कापण्यात जाते. घाटातही असंच. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना पहिल्या काही वळणांतच बॅटरी भरते आणि उरलेल्या उतारावर घ्यायला जागाच उरत नाही.

आता आकडे. गाड्यांची चाचणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या प्रमाणपत्रावर लिटरला किलोमीटर असे: स्ट्राँग हायब्रिड २७.९७, माईल्ड मॅन्युअल २१.११ आणि माईल्ड ऑटोमॅटिक २०.५८. हे प्रयोगशाळेतले आकडे, त्यांवर घरचा हिशेब मांडायचा नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर, एसी लावून, माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत जे दिसतं ते असं: स्ट्राँग साधारण २२, माईल्ड मॅन्युअल १६, माईल्ड ऑटोमॅटिक १४. पेट्रोल १०५ रुपये धरतो.

स्ट्राँगचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ७७ पैसे, मॅन्युअलचा ६ रुपये ५६ पैसे. फरक १ रुपया ७९ पैसे. वर्षाच्या १८ हजार किलोमीटरला ३२ हजार २०० रुपये, म्हणजे महिन्याला २,७०० च्या आत-बाहेर. आता हे वरचे तीन लाख तुम्ही १२ टक्क्यांच्या कर्जाने पाच वर्षांसाठी घेतले, तर फक्त तेवढ्याच रकमेचा हप्ता ६,६७० च्या आसपास पडतो. पेट्रोलमधून २,७०० वाचवण्यासाठी ६,६७० भरायचे. शोरूमवाला किंवा दलाल हे दोन आकडे शेजारी शेजारी कधीच लिहून दाखवत नाही.

अर्थात हप्त्यातले सगळे पैसे बुडत नाहीत. पाच वर्षांनी विकाल तेव्हा हायब्रिडचे मॅन्युअलपेक्षा काही जास्त येतीलच. मी धरतो की आजच्या फरकातला अर्धा तेव्हाही टिकेल. म्हणजे दीड लाख परत आले, दीड लाख झिजले आणि व्याज गेलं एक लाख. खर्च झाला अडीच लाख. पाच वर्षांची पेट्रोलची बचत १ लाख ६१ हजार. खिशातून गेले ८९ हजार. विमा दरवर्षी काही हजारांनी जास्त पडेल, तो वेगळाच. आणि ‘मी रोखीने घेतोय, व्याजाचा प्रश्नच नाही’ असं म्हणत असाल, तर ते तीन लाख ठेवीत ठेवले असते तर पाच वर्षांत काय झाले असते ते बँकेच्या पासबुकाला विचारा. साडेसहा टक्क्यांनीही नुसतं व्याजच लाखाच्या वर जातं.

आता ती राहून गेलेली गोष्ट. स्ट्राँग हायब्रिड ही ऑटोमॅटिकच येते, तिला क्लच नाही, गियर नाहीत. तुम्ही मात्र तिची तुलना मॅन्युअलशी करताय. तुम्हाला, किंवा घरात जो-जो गाडी चालवणार त्याला, ऑटोमॅटिक हवी आहे का? गुडघ्याचा त्रास असेल, वहिनीही गाडी घेऊन जाणार असतील, मुलगी नुकतीच शिकत असेल, तर खरी तुलना माईल्ड ऑटोमॅटिकशी करायला पाहिजे. त्याच वर्षाची तशी गाडी समजा १२ लाख १० हजारांना मिळाली, तर फरक उरतो १ लाख ८० हजार. इकडे बचत वाढते, कारण जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त पिते: किलोमीटरला साडेसात रुपये. फरक २ रुपये ७३ पैसे, वर्षाचे ४९ हजार, पाच वर्षांचे २ लाख ४५ हजार. खर्चाच्या बाजूला ९० हजारांची झीज आणि ६० हजारांचं व्याज, मिळून दीड लाख. इथे तीच हायब्रिड ९५ हजारांनी पुढे राहते.

म्हणून आधी घरात बसून ठरवा, ऑटोमॅटिक लागते की नाही. मॅन्युअल चालवायला काहीच अडचण नसेल, तर हायब्रिडसाठी वरचे १ लाख ९० हजारांपेक्षा जास्त देऊ नका. विम्याचा जादा खर्च धरला की मी बारा साठ ते बारा सत्तरला थांबेन. ऑटोमॅटिकच घ्यायची असेल, तर तेरा नव्वदही परवडते, आणि घासाघीस करून तेरा पन्नासला आली तर चांगलीच परवडते.

भाव पाडायला एक मुद्दा तुमच्या हाताशी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि उपकर गेला, त्यामुळे नव्या गाड्यांचे भावही उतरले. जुन्या गाडीचा मालक मात्र अजून स्वतःच्या २०२२ च्या बिलावरून भाव सांगतो. आजची नवीन गाडीची ऑन-रोड किंमत लेखी घेऊन जा आणि तिथून खाली उतरत या. आणखी एक, सुरुवातीला स्ट्राँग हायब्रिड फक्त झेटा प्लस आणि अल्फा प्लस या वरच्या प्रकारांतच मिळायची. म्हणजे फरकातले काही पैसे सनरूफ, कॅमेरा, मोठा स्क्रीन यांचेही आहेत. ते तुम्हाला हवे असतील तर त्यांची किंमत तुम्ही ठरवा, पण ती पेट्रोलच्या खात्यात टाकू नका.

आणि हेही मनापासून सांगतो, सर. पैसे वाचवणं हाच एकमेव हेतू असेल, तर उत्तर या दोन्ही गाड्यांत नाही. साडेसहा लाखांची चांगली जपलेली बलेनो किंवा स्विफ्ट आपल्या रस्त्यावर १८ देते. तिच्यात आणि हायब्रिडमध्ये किलोमीटरला एक रुपया सहा पैशांचा फरक, म्हणजे तुमच्या रनिंगला वर्षाचे १९ हजार. त्या १९ हजारांसाठी वरचे ७ लाख ४० हजार अडकवायचे का, हे ज्याचं त्याने बघावं. उंच गाडी, पावसाळ्यात वावराच्या वाटेला खालून न घासणारी, पाच माणसं मोकळी बसणारी, ही गरज खरी आहे आणि तिला पैसे लागतात. पण ती गरज वेगळी लिहा, बचत वेगळी लिहा. सीएनजीचाही विचार मनात येईल, पण तुमच्या रोजच्या वाटेवर पंप नसेल आणि असलेल्या पंपावर रांग असेल, तर ती बचत कागदावरच राहते.

ज्यांचं रनिंग मोठं आहे त्यांचा हिशेब सरळ आहे. बियाणं-खतांच्या कंपनीचे प्रतिनिधी, औषधांचे एमआर, तीन तालुक्यांत दुकानं असलेले कृषी केंद्रवाले, वर्षाला ४० हजार किलोमीटर सहज करतात. त्यांना मॅन्युअलच्या तुलनेतही वर्षाला ७१ हजार वाचतात आणि चार-सव्वाचार वर्षांत अख्खे तीन लाख निघतात. पण त्यांच्यासाठी अडचण दुसरीकडे आहे. हायब्रिडच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. ४२ हजारांवर घेतलेली गाडी वर्षाला ४० हजार पळाली, तर तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आतच वॉरंटी संपते. ज्याला पेट्रोलचा फायदा सगळ्यात जास्त, त्याचंच संरक्षण सगळ्यात आधी जातं. त्याने बॅटरीसाठी दरमहा काही रक्कम बाजूला टाकायलाच हवी. तुमचं तसं नाही. ४२ हजारांत ९० हजार मिळवले तरी १ लाख ३२ हजार होतात आणि आठ वर्षं २०३० च्या अखेरीस भरतात. तुमची पाच वर्षं जवळजवळ पूर्ण वॉरंटीत बसतात. या गाडीच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे. फक्त वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू राहते ना आणि गाडीची कुठलीही सर्व्हिस चुकलेली नाही ना, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. त्याच वेळी नव्या बॅटरीचं मजुरीसकट कोटेशनही मागा. देताना कुरकुर करतात, पण देतात.

याच कारणाने टोयोटाची जुनी कॅमरी हायब्रिड घेऊ नका म्हणून सांगतो. २०१३ पासून ती आपल्याकडे विकली गेली. आता भाव उतरलेला दिसतो आणि एवढी मोठी, राजेशाही गाडी बघून माणूस भुलतो. पण पहिल्या खेपेच्या गाड्यांची वॉरंटी कधीच संपली आहे आणि एकदा बॅटरीने मान टाकली की पेट्रोलची सगळी बचत एका बिलात जाते.

आता तपासणी. गाडी बघायला मे महिन्यासारखं ऊन असेल तर उत्तम, नसेल तर निदान भर दुपारी जा. मालकाला आधीच सांगा की सकाळपासून गाडी चालू करू नका. गार गाडीच खरं बोलते. ‘रेडी’चा दिवा लागला की एसी पूर्ण लावा आणि गाडी जागेवर उभी ठेवून वीस मिनिटं आत बसा. या गाडीचा एसी मोठ्या बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, भरली की बंद पडतं. सुरुवातीला इंजिन तापेपर्यंत चालू राहील, ते सोडा. त्यानंतर मात्र ते काही मिनिटं बंद राहायला हवं. दर मिनिटा-दीड मिनिटाला चालू-बंद होत असेल, स्क्रीनवरच्या बॅटरीच्या पट्ट्या भराभर चढत-उतरत असतील, तर बॅटरीत दम राहिलेला नाही. मग गाडी कितीही चकाचक असो.

दुसरी जागा बॅटरीच्या हवेच्या जाळीची. बॅटरी थंड ठेवायला एक पंखा असतो आणि तो गाडीच्या आतली हवा खेचतो. जाळी बहुतेक मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते, नेमकी कुठे ते पुस्तिकेत चित्रासह दिलेलं आहे. आपल्या भागात हिच्याकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या एका हायरायडरची जाळी मी उघडली, तेव्हा आत रुईचा थर बसला होता. बोटाने ओढला तर वाकळेसारखा एका तुकड्यात निघाला, आणि त्याच्यामागे रस्त्याचा फुफाटा. टोयोटाची हायरायडर आणि ग्रँड विटारा यांची हायब्रिड यंत्रणा एकच आहे. त्या गाडीचा पंखा मागच्या सीटवर बोलणं ऐकू येऊ नये इतका घरघरत होता, आणि मालकाला वाटत होतं एसीचाच आवाज आहे. जाळी साफ केली, पंखा गप्प झाला. पण तसंच दोन उन्हाळे चाललं असतं तर ४५ अंशांच्या उन्हात बॅटरीचं काय झालं असतं, ते सांगायला नको. तेव्हा जाळी स्वतः काढून बघा. मागच्या सीटवर पोती, गाद्या, बॅगा टाकून ती झाकली जात असेल, तर तेही मालकाला विचारा.

बॉनेटखाली कूलंटच्या दोन टाक्या दिसतात, एक इंजिनची आणि एक इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाची. दुसरी लोकांना माहीतच नसते. तिची पातळी बघा, रंग बघा. कोणी विहिरीचं किंवा नळाचं पाणी घातलं असेल तर रंग फिकटतो आणि तळाशी गाळ दिसतो. ती गाडी सोडून द्या. नारिंगी वायरींवर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा आहेत का, टॉर्च मारून बघा. सुगीत धान्याच्या कोठीशेजारी गाडी लावली की उंदीर बॉनेटमध्ये घर करतातच. मग साध्या वायरिंगची दुरुस्ती शे-दोनशेत होते, या वायरींची होत नाही. त्यांना गावातल्या वायरमनने हातही लावायचा नसतो, जिवाचा धोका आहे.

ब्रेकच्या डिस्कही बघा. हायब्रिडमध्ये बराचसा ब्रेक मोटरच लावते, म्हणून पॅड जास्त टिकतात हे खरं, पण पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर डिस्कला गंज धरतो आणि तो घासून निघत नाही. चालवताना ब्रेक एकसारखा लागला पाहिजे, मध्येच झटका देता कामा नये.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅन करून घ्या आणि हायब्रिड बॅटरीचा रिपोर्ट छापून मागा. त्यात बॅटरीतल्या प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे सेलच्या गटाचं, व्होल्टेज येतं. एखादाच ब्लॉक बाकीच्यांपेक्षा सतत खाली असेल तर रोग तिथे आहे. ‘पी०ए८०’ हा कोड दिसला, आता असो की आधी येऊन पुसलेला असो, तर बोलणं थांबवा. तो कोड बॅटरी बदला असंच सांगतो.

पाण्यात गेलेल्या गाडीचा शोध वेगळा घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि रस्त्यावर, तळघरांत उभ्या असलेल्या अनेक गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला जातात. ग्रँड विटाराची मोठी बॅटरी डिक्कीच्या तळाशी आहे, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोहोचतं तिथेच. डिक्कीची चटई उचला, कोपऱ्यांत गाळ आहे का बघा, सीटच्या रुळांवर आणि सीटबेल्टच्या अगदी तळाशी गंज किंवा मातीची रेघ आहे का बघा, आणि विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती घ्या. डिक्की उघडलीच आहे तर तिचा आकारही बघून घ्या. बॅटरीमुळे ती माईल्ड गाडीपेक्षा लहान आहे. ४५ किलोच्या युरियाच्या दोन गोण्या आणि बायको-मुलांच्या बॅगा एकदम मावणार नाहीत.

गाडी घरी आल्यावर गावाकडच्या दोन सवयी मोडाव्या लागतील. बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायची, ही पहिली. हायब्रिडची पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होते, त्यात यंत्रणा जळू शकते. हिला दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यावं लागतं. म्हणून रोडसाइड असिस्टन्स तुमच्या गावापर्यंत येतो का, किती तासांत येतो, हे आधी फोन करून विचारा. दुसरी सवय, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर किंवा पिकअप आपल्या बॅटरीवर केबल लावून चालू करून देणं. हिची १२ व्होल्टची बॅटरी लहान असते आणि ती कॉम्प्युटर जागे करण्यापुरती असते. तीच उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा-वीस दिवस गाडी उभी राहणार असेल, तर आठवड्याला अर्धा तास ‘रेडी’त ठेवा.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल लोक फार घाबरवतात. मायलेज थोडं पडतं हे खरं आहे, पण ते दोन्ही गाड्यांचं पडतं, त्यामुळे आपल्या तुलनेत फारसा फरक पडत नाही. गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असल्यामुळे ई-२० साठी कंपनीचं म्हणणं काय आहे, ते टाकीच्या झाकणावर आणि पुस्तिकेत वाचून घ्या.

कागदांचं थोडक्यात. यवतमाळची एमएच २९ गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर गाडी नावावर करायचं काम होतं, कर्ज असेल तर ते फिटल्याचं फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. पांढरकवड्याच्या पलीकडून, आदिलाबाद-हैदराबादकडून स्वस्त हायब्रिड येतात. तिथून आणलीत तर एनओसी आणावी लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते. टॅक्सचा आकडा आरटीओत विचारल्याशिवाय इसार देऊ नका. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. नो-क्लेम बोनस आधीच्या मालकाचा असतो, गाडीसोबत येत नाही, त्यामुळे प्रीमियम त्याच्यापेक्षा जास्त येईल, तो आत्ताच विचारून हिशेबात धरा.

आणि इसार देण्याआधी एक फेरी तुमच्याच वाटेवर मारा, मालकाला शेजारी बसवून. ट्रिप मीटर शून्यावर आणा, एसी लावा, घर ते शाळा आणि परत, रोज जशी चालवता तशीच. मीटर २३-२४ दाखवत असेल तर वर धरलेले २२ बरोबर आहेत, कारण मीटर थोडं चढवूनच सांगतो. १९-२० दाखवत असेल तर माझा सगळा हिशेब १८ वर पुन्हा मांडा आणि भाव त्याप्रमाणे खाली मागा.